मारुतीमागून मारुती

स्कूटरवर कोठी बसली असती, पण मग मी बसलो नसतो. 40 किलो तांदूळ मावेल अशी स्टीलची कोठी. तुळशीबागेतल्या दुकानदारानं आधी स्कूटरकडे आणि मग माझ्याकडे सारख्याच कीवेनं पाहिलं. “घरपोच देतो ना साहेब. 150 रुपये. तुम्ही मोकळ्या हातानं जा, संध्याकाळपर्यंत कोठी घरी.”

तुळशीबाग ते पत्र्या मारुती. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तरी अर्धा तास. त्याला संध्याकाळ कशाला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी पत्ता लिहून दिला आणि ‘पत्र्या मारुतीजवळ’ याखाली दोन रेघा ओढल्या.

माझी आजी मंडईतून सामान आणायची तेव्हा पाटीवाला तिच्यामागून चालत यायचा. घर येईपर्यंत त्याची शेती, मुलीचं लग्न, सगळं विचारून झालेलं असायचं. ओट्यापाशी पाटी उतरवून, तांब्याभर पाणी पिऊन तो जायचा. लोकेशन पाठवायची भानगड नव्हती. आजीच लोकेशन होती.

चार वाजता फोन आला. “काका, मारुतीपाशी आलोय.”

“कुठल्या?”

“डुल्या.”

म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. पुण्यात मारुतीलाही आडनाव असतं आणि ते चुकलं की माणूस भलत्याच पेठेत निघतो. पोरगा लातूरकडचा, इथं येऊन दोन महिने झालेला. त्याच्या गावात मारुती एकच, आणि तो नुसता मारुती. त्याला तरी काय बोलणार! पाऊण तासानं सोन्या मारुतीवरून फोन. मग जिलब्या मारुती. हा तर दुकानापासून हाकेच्या अंतरावर. दुपारभर गावभर हिंडून कोठी पुन्हा माहेरी आली होती.

“आता लक्ष्मी रोडनं सरळ पुढं ये.”

“काका, रस्ता बंद आहे. पोलीस सोडंनात.”

तेव्हा कुठे तारीख आठवली. 11 डिसेंबर. 2021 पासून महापालिका या दिवशी पादचारी दिन साजरा करते आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवते. वर्षभर जिथं पाऊल टाकायला जागा नसते, तिथं एक दिवस चालण्याचा सोहळा. कल्पना मला मनापासून आवडते. फक्त त्या दिवशी कोठी घ्यायची नसते.

चप्पल अडकवून निघालो. टेम्पोला थांबायला जागा नव्हती, म्हणून चालकानं पोराला आणि कोठीला नगरकर तालमीपाशी उतरवलं आणि तो पसार झाला. एक कडी पोरानं धरली, एक मी. आयुष्यात पहिल्यांदा लक्ष्मी रोड मोकळा मिळाला आणि नेमके माझे हात अडकलेले.

“आडवी धरा, आडवी!” एक आजोबा ओरडले. आडवी धरली, तर दुसरे म्हणाले, “उभीच बरी होती.” एका बाईंनी कोठीवर टिचकी मारून विचारलं, “केवढ्याला पडली?” आकडा सांगितला. त्या नुसतं “अरेरे” म्हणाल्या आणि पुढं गेल्या. कोठी तिथंच दुप्पट जड झाली.

गरुड गणपतीपाशी कॉलेजातल्या एका मुलीनं आमच्यावर मोबाइल रोखला. “काका, पथनाट्य आहे का? विषय काय आहे?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. पोरगाच धापा टाकत म्हणाला, “घरपोच सेवा.”

आमच्या बोळापर्यंत येताना मला त्याची तीन एकर, सोयाबीनचा पडलेला भाव आणि थोरल्या भावाचं अडलेलं लग्न एवढं सगळं कळलं होतं. दोन जिने चढून कोठी ओट्याशेजारी टेकवली. पोरगा घटाघटा पाणी प्यायला. सौ.नं कोठीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वरून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “अहो, झाकण?”

पोरानं जीभ चावली. झाकण टेम्पोत होतं आणि टेम्पो देव जाणे कुठल्या मारुतीला.

मी दुकानात फोन लावला.

“झाकण ना? काळजीच नको साहेब,” दुकानदार म्हणाला, “घरपोच देतो.”