राजकन्या मनोऱ्यात आणि आम्ही लिफ्टमध्ये

लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवणं म्हणजे निवांत काम असं ज्यांना वाटतं त्यांची मुलं एकतर मोठी झालीयेत नाहीतर झोपलेली तरी आहेत. आमचे चिरंजीव वय वर्षे सहा, आणि त्यांना दर वाक्याला काहीतरी आठवतं. राजकन्या मनोऱ्यात अडकली एवढं वाचून मी श्वास घेतला की लगेच, "आई, आपण पण लिफ्टमध्ये अडकलो होतो ना!" मग ती लिफ्ट, लिफ्टमधले काका, काकांचा कुत्रा, कुत्र्याचं नाव काय, तुला का नाही आठवत... आणि राजकन्या बिचारी अजून खिडकीत उभी.

शाळेतून सांगतात, मुलाला गोष्ट स्वतःच्या अनुभवाशी जोडू द्या. अहो जोडू द्या काय, तो तोडायलाच तयार नाहीये!

शेवटी रात्री घर झोपल्यावर या विषयावर वाचायला बसले आणि आमच्या बाळाबद्दल जरा आदरच वाटायला लागला. फ्रेडरिक बार्टलेट म्हणून केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी चांगल्या मोठ्या माणसांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला लावली, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली आलं. तर लोकांनी वल्ह्याच्या होडक्याची साधी बोट करून टाकली आणि सीलच्या शिकारीची मासेमारी! म्हणजे जे ओळखीचं तेच डोक्यात शिरलं. आणि १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेतल्या ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचा उतारा दिला, त्यात वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं ही वाचनात पक्की पण बेसबॉलमधलं ओ की ठो न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. आधीची माहिती एवढं काम करते. लिफ्टवाल्या काकांचा कुत्रा कुठे काम करतो ते मात्र कुणी लिहिलेलं नाही.

माझं मत विचाराल तर नुसतं आठवून भागत नाही, आठवलेलं घेऊन गोष्टीत परत यायला पाहिजे. "तुझ्याकडे पण असा बॉल आहे का?" "हो." झालं, संपलं, असल्या प्रश्नाला काडीचा अर्थ नाही. "लिफ्ट अडकली तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं तुला?" असं विचारलं तर तो म्हणाला, शू लागली. मग जरा थांबून, "आई, राजकन्या शू कुठे करते?" आता हा प्रश्न पुस्तकवाल्यांना पडायला हवा होता, पण निदान गाडी मनोऱ्यात तरी पोचली.

परवा दीपगृहाची गोष्ट होती. आमच्या माणसाने समुद्र पाहिलेला नाही. चित्र दाखवलं तर म्हणे मोबाईल टॉवर. म्हटलं समुद्र बाजूला ठेवू.

"रात्री लाईट गेले की बाथरूमपर्यंत कसा जातोस?"

"जात नाही. तुला उठवतो."

"मग जहाजाने कुणाला उठवायचं?"

खूप विचार झाला, पायाचा अंगठा वगैरे चोळून झाला. "त्या दिव्यावाल्या आजोबांना. पण ते झोपले असतील तर?"

आणि खरं सांगते, पुढच्या पानावर नेमकं तेच होतं, आजोबा आजारी पडतात आणि दिवा लावायचा राहतो! पान उलटलं तर हा ताडकन उठून बसला, जहाज खडकाकडे निघालंय आणि मी एकेक अक्षर लावत वाचतेय म्हणून माझ्यावरच चिडला. लिफ्ट नाही, काका नाहीत, कुत्रा नाही.

आता अडचण एवढीच की बाईसाहेब गाढ झोपल्या तर जहाजं बुडतात हे त्याला पक्कं कळलंय. रात्री दोनला खांदा हलवून विचारतो, "आई, जागी आहेस ना?"