सातवा महिना आणि गौरीचं जेवण: आरामात कसं जेवायचं

तुम्हाला सातवा लागलाय आणि गौरी जेवायच्या दिवशी सासरी अख्खं खानदान जमलंय? मग या पंगतीत आरामात कसं जेवायचं ते सांगते, नीट वाचा.

सुरुवातीला जेवूच नका, निदान नैवेद्य होईपर्यंत तरी. सोळा भाज्या, कोशिंबिरी, पुरण, अळूवड्या, घारगे हे सगळं एका ओट्यावर व्हायचं म्हणजे साडेबाराची आरती दीडला, मग पुरुष आणि पोरांची पंगत, मग सवाष्णी, मग उरलेल्या बायका आणि त्यात तुम्ही. डॉक्टरबाई म्हणाल्या असतील की दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, पण त्यांच्याकडे गौरी उभ्याच्या असतात की खड्यांच्या तेसुद्धा आपल्याला माहीत नाही, मग त्यांचं किती मनावर घ्यायचं? अगदीच गरगरलं तर राजगिऱ्याची वडी घेऊन बाथरूममध्ये जा. नळ सोडून खा, कुरकुर ऐकू येत नाही.

अडीच-पावणेतीनला पान येईल. खुर्ची मागू नका. 'खाली बसलं की बाळंतपण सोपं जातं' हे जिचं सिझर झालं त्या काकूच सांगतील. मांडी घातली की पोट वर सरकतं, बाळ जठराला खालून ढोसतं, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जी झडप असते ती या दिवसांत हार्मोन्समुळे आधीच ढिली झालेली असते, त्यामुळे कटाची आमटी दोनदा चाखायला मिळते, एकदा जाताना आणि एकदा परत येताना.

आता मुख्य मुद्दा, दोन जिवांचं खायचं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की गरोदरपणात रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे तुपासकट एखाद-दीड पुरणपोळीत विषय संपला. पण संस्थेला आमच्या मावससासूबाई भेटलेल्या नाहीत. त्या समोरून वाढत नाहीत, मागून येतात. तुम्ही पानावर दोन्ही हात आडवे धरता, 'मावशी नको, खरंच नको', त्या म्हणतात 'बरं बाई नको तर नको', तुम्ही हात काढता आणि थप्प, पोळी पानात. वर तुपाची धार, तीही तुम्ही बघताय की नाही हे बघत बघत. 'तुला नकोय गं, बाळाला हवीये.' बाळाशी यांचं कधी बोलणं झालं कुणास ठाऊक, पण त्याची पूर्ण ऑर्डर यांच्याकडे असते.

शुगरचं काढूच नका. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गोड पाणी नाक दाबून प्यायलात, दोन तासांनी रक्त दिलंत, आकडा १४० च्या वर गेला, सगळं खरं, पण गुळाने शुगर वाढत नाही असा निकाल आत्येसासूबाईंनी दिलाय आणि त्यावर अपील नाही. नवऱ्याकडे आशेने बघू नका, तो पहिल्या पंगतीत जेवून पंख्याखाली आडवा झालाय, ढेकरसुद्धा त्याचीच ऐकू येते.

जेवल्यावर लगेच 'जा, पड जरा.' पडा की! छातीत जी आग पेटेल तिच्यावर उद्याचा चहा होईल. चहावरून आठवलं, तो तर तुम्हाला लोहाच्या गोळीबरोबरच आणून देतील, म्हणजे गोळीतलं निम्मं लोह चहाच्याच नावावर. पानात डावीकडे कोपऱ्यात लिंबाची फोड असते, लोह अंगी लागायला खरी मदत तिचीच होते, अख्ख्या जेवणात आग्रह न झालेली तेवढीच एक वस्तू.

आणि उठून जायची घाई करू नका. घरात गरोदर बाई असली की गणपतीचं विसर्जन करायचं नाही असं मानणारी घरं आहेत अजून. तिथे तुमच्यापायी बाप्पा अडकून पडलाय, तुम्हाला पानावरून कोण सोडणार?

रात्री अडीच वाजता मात्र उठाल. तीन उशा लावून, डाव्या कुशीवर होऊन सगळं करून झालेलं असेल आणि गंमत म्हणजे आता भूक लागलेली असेल, साधी, ताक-भाताची. हॉलमध्ये गौरी जागच्या जागी, समईच्या उजेडात, पावलं न वाजवता किचनमध्ये जा. तिथे ओट्याशी उभ्याने, लाइट न लावता, पातेल्यातनंच दहीभात खाताना सासूबाई सापडतील. पहाटे चारपासून उभ्या, दुपारी सगळ्यांचं झाल्यावर चारला दोन घास खाल्लेल्या, त्यावर हाच.

'तुला पण?' म्हणतील, दुसरा चमचा काढतील. 'हळू खा. मावशी उठल्या तर पोळी आणतील.'