काय दिवे लावले

फिल्म स्कूलच्या अर्जात खरा प्रश्न एकच असतो. बाकी नाव, पत्ता, जन्मतारीख वगैरे आपल्याला पाठ असतं. तो प्रश्न असा : 'तुम्हाला चित्रपट का करायचे आहेत? ५०० शब्दांत लिहा.' माझ्याकडे याचं प्रामाणिक उत्तर होतं, पण ते ११ शब्दांतच संपत होतं. 'मला सिनेमे फार आवडतात आणि दुसरं काही जमेल असं वाटत नाही.' उरलेले ४८९ शब्द मी आजोबांच्या गळ्यात घातले.

माझ्या निबंधातले आजोबा थोर होते. ते माझं बोट धरून मला अंधाऱ्या थिएटरात नेत, आणि प्रोजेक्टरच्या झोतात नाचणारे धूळकण दाखवत. (हे धूळकण प्रत्येकच अर्जात असतात, हे मला नंतर कळलं. आमच्या वर्गात ते न पाहता मोठा झालेला एकही जण नव्हता. एवढी धूळ असलेल्या थिएटरात पडदा दिसत कसा होता, हे कुणी लिहीत नाही.) खरे आजोबा थिएटरात जायचे ते झोपायला. मऊ खुर्ची, गार हवा, अंधार आणि दोन-अडीच तास कुणी हाक मारणार नाही याची खात्री. पडद्यावर नावं पडायच्या आत त्यांची मान पडायची. सिनेमा संपला की मी त्यांचा दंड हलवून म्हणायचे, "आजोबा, उठा, दिवे लागले." हा भाग मी अर्जात घेतला नाही.

पहिल्या वर्षी माझा अर्ज परत आला. आजोबांचा काही दोष नव्हता. जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्ज पोत्यांनी. पण नकार मिळाल्यावर जो छळ सुरू होतो त्याची मला कल्पना नव्हती. भेटेल तो सांगायचा, "अगं, स्टीव्हन स्पीलबर्गलासुद्धा फिल्म स्कूलने प्रवेश नाकारला होता!" आठवड्याभरात सात जणांनी सांगितलं. एका काकांनी तर दोनदा. हे खरंच आहे. कॅलिफोर्नियातल्या नामांकित विद्यापीठाने त्यांना घेतलं नव्हतं, आणि दुसरीकडे अर्धवट सोडलेली पदवी त्यांनी थेट २००२ मध्ये पूर्ण केली. पण त्याच विद्यापीठाने नाकारलेले आणि पुढे स्पीलबर्ग न झालेले बाकीचे लोक कुठे आहेत, हे काकांना विचारलं तर ते विषय बदलत.

बाबा वेगळ्या पंथाचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

दुसऱ्या वर्षी अर्जासोबत पाच मिनिटांची फिल्म द्यायची होती. मी मावसभावाला टेकडीवर उभं करून क्षितिजाकडे बघायला लावलं. वारा इतका होता की त्याचे संवाद ऐकूच येईनात. मी संवाद काढून टाकले आणि वर पियानो टाकला. त्याला 'मौनाचा वापर' म्हणतात. लेखी परीक्षेत एक लघुपट दोनदा दाखवून त्यावर लिहायला सांगितलं. मला काहीही कळलं नव्हतं, म्हणून मी दर परिच्छेदात एकदा 'एकाकीपणा' लिहिला. पास झाले.

मग मुलाखत. टेबलापलीकडे पाच जण. मधोमध एक मॅडम, ज्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. म्हणजे राग नाही, लोभ नाही, कंटाळाही नाही. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांचा तो प्रसिद्ध प्रयोग मी आदल्या रात्रीच वाचला होता : एका नटाचा एकच निर्विकार क्लोजअप घ्यायचा आणि तो कधी सूपच्या ताटलीला, कधी शवपेटीला, कधी एका स्त्रीला जोडायचा. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला कधी त्यात भूक दिसते, कधी दुःख, कधी वासना. तो प्रयोग त्या दिवशी माझ्यावर झाला. मी आवडत्या दिग्दर्शकाचं नाव चुकीचं उच्चारलं, मॅडमच्या चेहऱ्यावर तुच्छता. मी पाणी सांडलं, मॅडमच्या चेहऱ्यावर करुणा. मॅडम हलल्याही नव्हत्या.

शेवटी त्यांनी अर्ज उचलला. "हे आजोबा. सिनेमा संपल्यावर ते काय म्हणायचे?"

मला याचं उत्तर तयार नव्हतं. आजोबा सिनेमा संपल्यावर 'रिक्षा मिळेल का' म्हणायचे. तोंडातून निघून गेलं, "ते म्हणायचे... ऊठ, दिवे लागले."

खोलीत शांतता पसरली. डावीकडच्या सरांनी चष्मा काढला. मॅडमनी पर्समधून एक छोटी वही काढली आणि त्यात काहीतरी लिहून घेतलं.

प्रवेश मिळाला. घरातल्या स्पीलबर्गवाल्या काकांची जरा निराशाच झाली.

पहिल्या आठवड्यात आम्हाला सांगितलं गेलं की जगातली पहिली मानली जाणारी फिल्म स्कूल १९१९ मध्ये मॉस्कोत सुरू झाली. क्रांतीनंतरचा काळ, कच्ची फिल्म मिळेना, म्हणून कुलेशोवचे विद्यार्थी चक्क फिल्मशिवाय चित्रपट करायचे : शॉटनुसार सगळं बसवून नुसतं करून दाखवायचं. आम्ही भारावून ऐकलं. महिन्याभरात आमच्या एका कॅमेरामननेही मेमरी कार्ड न घालता संध्याकाळपर्यंत शूटिंग केलं, तेव्हा मात्र कुणी भारावलं नाही.

आणि हो, मी दिवे लावले. पहिलं सत्र मी फक्त दिवेच लावले. दिवे उचलले, दिवे चढवले, दिवे हलवले, 'जरा डावीकडे' म्हटल्यावर डावीकडे आणि 'नको, आधीचंच बरं होतं' म्हटल्यावर परत. दिवे वगैरे धरून ठेवणारा, सी-स्टँड नावाचा एक तीन पायांचा प्राणी असतो. त्याचा सर्वांत उंच पाय वजनाच्या बाजूला ठेवायचा आणि त्यावर वाळूची पिशवी टाकायची, एवढंच त्याचं शास्त्र. ते विसरलं की तो सावकाश, एखाद्या मानी माणसासारखा, तोंडावर पडतो. पडताना तो कुणाच्या ना कुणाच्या पायाचा अंगठा शोधतो. माझी 'दृष्टी' जगाला देण्यासाठी आले होते; जगाने मला वाळूच्या पिशव्या दिल्या. हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते.

फिल्मवरचा सराव हा आणखी एक प्रकार. १६ मिलिमीटरचं ४०० फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींनी साधारण ११ मिनिटं चालतं, आणि ते मॅगझिनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या फिल्मच्या पेटीत, भरायचं असतं पूर्ण अंधारात. त्यासाठी एक काळी पिशवी मिळते. तिला दोन बाह्या, बाह्यांना घट्ट इलॅस्टिक. आत रीळ, डबा, मॅगझिन. आपले हात कोपरापर्यंत आत. बोटांनी फिल्मची कड चाचपायची, दातेरी चाकावर बसवायची, फास योग्य लांबीचा ठेवायचा, सगळं न बघता. आपण छताकडे बघत असतो, चेहऱ्यावर देवळात घंटा वाजवणाऱ्याचा भाव. आणि नेमकं तेव्हाच नाक खाजतं. साधंसुधं नाही, जन्मभराची सगळी खाज त्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवलेली असते. हात बाहेर काढला तर प्रकाश आत जाऊन रीळ बाद. माझी वर्गमैत्रीण समोर उभी राहून माझं नाक खाजवायची, मी तिचं. इतकी जवळची मैत्री मला नंतर कुणाशी जमली नाही.

दिग्दर्शनाच्या पहिल्या स्वाध्यायात मी रेषा ओलांडली. दोन पात्रांमध्ये एक काल्पनिक रेषा असते आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, १८० अंशांच्या आत ठेवायचा असतो; नाहीतर समोरासमोरची माणसं पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसतात. मी घटस्फोटाचा प्रसंग घेतला होता. नायक-नायिका एकमेकांवर ओरडताहेत, अश्रू, सगळं काही. फिल्म संपल्यावर सरांनी शांतपणे विचारलं, "हे दोघं कोणत्या बसची वाट बघताहेत?"

वर्गातल्या चर्चेची भाषा शिकायलाही सहा महिने जातात. 'वाईट आहे' असं कुणीच म्हणत नाही. 'इंटरेस्टिंग' म्हणजे वाईट. 'धाडसी' म्हणजे फार वाईट. 'मला यातली लय आवडली' म्हणजे बोलणारा झोपला होता. तसं पाहिलं तर पहिल्या वर्षीच्या निम्म्या फिल्म्स एकच होत्या : गजर वाजतो, एक तरुण उठतो, दात घासतो, आरशात स्वतःकडे फार वेळ बघतो, गर्दीतून चालतो, आणि शेवटी तो मेलेलाच असतो. माझ्या फिल्ममध्ये तो तरुणी होता. एवढा फरक मी केला होता.

माझी उंची बऱ्यापैकी असल्याने बूम माझ्याकडे आला आणि मग कायमचाच राहिला. बूम म्हणजे लांब काठी, टोकाला माइक. हात डोक्यावर ताठ धरून माइक नटाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, पण चौकटीत दिसता कामा नये. काठी हलकी असते. पहिलं मिनिट. दुसऱ्या मिनिटाला खांदे बोलू लागतात. चौथ्या मिनिटाला, नायिका हळुवारपणे 'मला तुझं काहीच नको' म्हणत असताना, तिच्या कपाळावर माझ्या थरथरत्या हाताची सावली नाचते आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो, "बूम इन!" सगळा युनिट माझ्याकडे बघतो. नायिकाही. बाहेर शूटिंग असेल तर वाऱ्यापासून बचावासाठी माइकवर जे केसाळ आवरण चढवतात त्याला या धंद्यात 'डेड कॅट' म्हणतात. एकदा आईचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "नंतर करते, डेड कॅट भिजलंय, ड्रायरने वाळवतेय." आईने दुसऱ्या दिवशी बाबांना चौकशीला पाठवलं.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे रूम टोन. प्रसंग चित्रित झाला की कुणीही हलायच्या आत त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलनात दोन संवादांमध्ये फट पडली की तिथे तिच्यातलाच तुकडा भरावा लागतो. तो नसेल तर तिथे एकदम पोकळी पडते आणि प्रेक्षक दचकतो. मी ओरडायचे, "रूम टोन! कुणी हलू नका!" आणि दिवसभर एकमेकांवर खेकसणारे पंधरा जण जागच्या जागी पुतळे. एकाचा पाय केबल ओलांडताना अर्ध्यावर. एकीच्या हातात ताणलेली चिकटपट्टी. दिग्दर्शक उघड्या तोंडाने. हेडफोनमध्ये ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, लांब कुठेतरी नळ. आणि मग, चाळिसाव्या सेकंदाला, कुणाचं तरी पोट. लांबलचक, चढ-उतार असलेलं, शेवटी प्रश्नचिन्ह असावं तसं. कुणी हसायचं नाही. खांदे मात्र सगळ्यांचे हलतात. असे माझ्याकडे पोटांचे नऊ नमुने जमले. त्यातलं एक मी शेवटच्या वर्षाच्या माझ्या फिल्ममध्ये, पुष्कळ खाली आणून, ढगांच्या गडगडाटासाठी वापरलं. परीक्षकांनी त्या 'दूरच्या वादळाचा' खास उल्लेख केला. पोटाच्या मालकाचं नाव मी श्रेयनामावलीत घातलं आहे. कशासाठी, ते त्यालाही माहीत नाही.

ती फिल्म ११ मिनिटांची. आवाजावर मी सहा आठवडे घालवले : प्रत्येक फट बुजवली, प्रत्येक खट काढली, एका श्वासासाठी दोन रात्री जागले. प्रदर्शनाला घरचे सगळे आले. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी. काका आले, पण स्पीलबर्गबद्दल बोलले नाहीत. आजोबा माझ्या शेजारी. अंधार झाला. माझं नाव पडलं. आजोबांची मान पडली.

११ मिनिटं मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. घोरू नयेत एवढीच प्रार्थना. घोरले नाहीत.

टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून मॅडम थेट आमच्याकडेच आल्या. तोच चेहरा. "हेच का ते आजोबा? मला त्यांना भेटायचं होतं."

पळायला जागा नव्हती. मी दंड हलवला. "आजोबा, उठा. दिवे लागले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. कुलेशोवची शपथ, काय होतं त्या चेहऱ्यावर, मला आजही सांगता येणार नाही.

आजोबांनी डोळे चोळले, सभोवार पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "संपला का? फार छान केलायस गं. एकदाही दचकून जाग आली नाही."

मॅडमनी पर्समधून वही काढली.