‘लिनक्स अपग्रेड केलं की जुनं मशीन बसतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सेलूला माझ्या दाजींचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. झेरॉक्स, पीक विमा, महाडीबीटी, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचं रिझर्वेशन, सगळं तिथं होतं. मशीन जुनीच आहेत, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेली, आणि सगळ्यांवर विंडोजऐवजी उबुंटू आहे, म्हणजे लिनक्सचा एक फुकट मिळणारा प्रकार. मागच्या आठवड्यात दाजींनी सगळ्या मशीनवरचे अपडेट बंद करून टाकले. का म्हणून विचारलं तर मोबाईल पुढे केला. "तूच बग. सगळ्या ग्रुपवर फिरायलंय हे."

मेसेज लांबलचक आहे, पण त्यातले दावे एवढेच. नवीन आवृत्ती नवीन कॉम्प्युटरसाठीच बनवलेली असते, म्हणून जुन्यावर टाकली की स्पीड निम्म्यावर येतो. कंपन्या हे मुद्दाम करतात, मोबाईलवाल्यांनी केलं तसंच. अपग्रेड प्रोसेसरमध्ये घुसून त्याचा वेग कायमचा कमी करतं, त्यामुळे परत जुनी आवृत्ती टाकली तरी वेग येत नाही. आणि शेवटी सल्ला: अपडेट कायमचे बंद करा, लिनक्सला व्हायरस लागतच नाही, काही बिघडत नाही.

हा मेसेज लिहिणाऱ्याला लिनक्सची थोडीफार माहिती आहे, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. साफ खोट्याला लोक हसून सोडून देतात. अर्धवट खऱ्याला मात्र दुकानदार बळी पडतात.

आधी प्रोसेसरवालं घेतो, कारण दाजी सगळ्यात जास्त त्यालाच घाबरले होते.

प्रोसेसरच्या आत मायक्रोकोड नावाचा एक थर असतो. चिपमध्ये चूक सापडली की इंटेल आणि एएमडी या थराची दुरुस्ती देतात आणि लिनक्सच्या पॅकेजमधून ती आपल्यापर्यंत येते. मेसेजवाल्यानं बहुतेक हेच कुठंतरी वाचलं आणि त्यावर 'प्रोसेसरमध्ये घुसतं, कायमचं बदलतं' असा इमला चढवला. प्रत्यक्षात लिनक्सनं भरलेला मायक्रोकोड कायमचा कुठेच लिहिला जात नाही. मशीन सुरू होताना दरवेळी तो नव्यानं भरला जातो आणि वीज गेली की पुसला जातो. आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्या वेळा तो पुसला जातो! ते पॅकेज काढून मशीन पूर्ण बंद करून सुरू केलं, की प्रोसेसर बायोसमध्ये (मशीन सुरू करून देणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) जो मायक्रोकोड असेल तेवढ्यावरच चालतो. कायमचा बदल होतो तो बायोसच अपडेट केला तर. तसं अपडेट लिनक्समधून करता येतं, पण त्यासाठी कंपनीनं त्या मॉडेलची फाइल दिलेली असावी लागते आणि वापरणाऱ्यानं हो म्हणावं लागतं. दाजींच्या मशीनसारख्या जुन्या मॉडेलांच्या वाट्याला ते फारसं येत नाही.

यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी कबूल करतो. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर नावाच्या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या. त्यांच्यावर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जे उपाय घातले त्यांनी वेग थोडा खाल्ला, आणि जुन्या चिपचा जास्त खाल्ला. मायक्रोसॉफ्टनंही तेव्हाच सांगितलं होतं की 2015 च्या आसपासच्या, हॅसवेल या इंटेलच्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या प्रोसेसरच्या मशीनवर हा फरक जास्त जाणवेल. म्हणजे हे एकट्या लिनक्सचं दुखणं नाही, चिपचं आहे. पण खरी गोम पुढे आहे. हे उपाय नवीन आवृत्तीसाठी राखून ठेवले नव्हते. त्या वेळी चालू असलेल्या उबुंटू 14.04 आणि 16.04 (म्हणजे 2014 आणि 2016 च्या आवृत्त्या) लाही ते साध्या अपडेटमधून मिळाले. म्हणजे आवृत्ती न बदलता बसून राहिलेल्याच्या मशीनवरही ते आहेतच. आणि फरक किती, तर तो कामावर ठरतो. सर्व्हरवर, सतत डिस्क आणि नेटवर्क राबवणाऱ्या कामात तो दिसतो. फॉर्म भरायला आणि पीडीएफ छापायला बसलेल्या माणसाचं मशीन त्यानं निम्म्यावर येत नाही.

आता तो शेवटचा सल्ला, अपडेट कायमचे बंद करा. मेसेजमध्ये तो एका ओळीत आहे, पण सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ तीच आहे.

दाजींच्या एका मशीनवर अजून उबुंटू 18.04 आहे. त्या आवृत्तीची मोफत नियमित दुरुस्ती मे 2023 मध्ये संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिबवेबपी नावाच्या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. वेबपी प्रकारचे फोटो उघडायला क्रोम, फायरफॉक्स आणि कितीतरी प्रोग्राम हीच लायब्ररी वापरतात. मुद्दाम तसा बनवलेला फोटो नुसता डोळ्यांसमोर आला तरी त्यातून मशीनवर परका प्रोग्राम चालवता येत होता, आणि गुगलनं तेव्हाच सांगितलं की या भगदाडाचा वापर होत आहे. गुगल आणि मोझिलानं लगोलग दुरुस्ती काढली. ज्यांचे अपडेट चालू होते त्यांना ती मिळाली. बंद करून बसलेल्यांचं भगदाड तसंच राहिलं, आजही आहे.

आता दाजींच्या दुकानात दिवसभर काय चालतं ते बघा. गिऱ्हाईक येतं, आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं, सातबाऱ्याचा फोटो पाठवतं, बँक पासबुकाचं पहिलं पान पाठवतं. दाजी ते मशीनवर उतरवून घेतात. ओळखीचा ना पाळखीचा माणूस पेनड्राइव्ह देतो, ती लावतात. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत तर रांग रस्त्यापर्यंत असते. म्हणजे परक्या माणसाचा फोटो उघडणं हाच ज्या मशीनचा धंदा आहे, त्या मशीनवर फोटोतून घुसता येणारं भगदाड उघडं ठेवा, असा हा सल्ला. आणि त्या मशीनवर दाजींचे स्वतःचे कागद थोडेच आहेत? आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांचे आधार नंबर आहेत, खाते नंबर आहेत, पोरांच्या शिष्यवृत्तीचे पासवर्ड आहेत. मेसेज पुढे ढकलणाऱ्याला यातलं काही भरून द्यायचं नाही.

'लिनक्सला व्हायरस लागत नाही' हे वाक्य तर आता कुणी तोंडातच आणू नये. जानेवारी 2022 मध्ये पॉलकिटमधली, म्हणजे कुणाला काय करायची परवानगी ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागातली, एक चूक जाहीर झाली, पीडब्ल्यूएनकिट या नावानं ती ओळखली जाते. ती 2009 पासून तिथंच होती. साध्या वापरकर्त्याला तिच्यातून थेट रूटचे, म्हणजे मशीनवर काहीही करायचे, अधिकार मिळत होते, उबुंटू, डेबियन, फेडोरा, लिनक्सच्या सगळ्या प्रकारांत. दुरुस्ती आली ती अपडेटमधूनच.

ज्यांना आवृत्ती बदलायचीच नाही त्यांच्यासाठी वाट आहे. उबुंटू प्रो पाच मशीनपर्यंत फुकट मिळतं आणि एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या, आवृत्तीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या एकूण 10 वर्षं देतं. म्हणजे 18.04 ला 2028 पर्यंत. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही. लोकांचा वेग खरंच वाचवायचा असता तर ही ओळ आधी लिहिली असती.

'कंपन्या मुद्दाम करतात' या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. ॲपलनं जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी केल्याचं डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं आणि 2020 मध्ये अमेरिकेत 50 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली, हे खरं आहे. पण ॲपल फोन विकते. उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल कॉम्प्युटर विकत नाही, लिनक्स मिंट देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं, डेबियन तर स्वयंसेवकांचंच. तुमचं मशीन बसलं तर त्यांना काय मिळणार? सगळा कोड उघडा आहे, असं काही घुसवलं असतं तर जगभरच्या माणसांना दिसलं असतं. आणि जुन्या हार्डवेअरबद्दल म्हणाल तर ज्या 386 चिपवर 1991 मध्ये लिनक्स जन्मलं, ती चिप 1985 ची. तिचा आधार कर्नलमधून निघाला 3.8 आवृत्तीत, फेब्रुवारी 2013 मध्ये. एवढी वर्षं दुसऱ्या कुणी सांभाळलं असतं?

राहिला पहिला दावा, नवीन आवृत्ती नवीन मशीनसाठीच असते. उबुंटूनं स्वतः सांगितलेली गरज बघा. 2018 च्या 18.04 ला 4 जीबी रॅम, 2 गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर आणि 25 जीबी जागा. 2024 च्या 24.04 लाही तेवढंच. उलट 18.04 मधला गनोम डेस्कटॉप (समोर दिसणाऱ्या खिडक्या-मेनू सांभाळणारा भाग) जड होता, मेमरी खात होता. पुढच्या आवृत्त्यांत त्यावर बरंच काम झालं आणि 20.04 त्याच मशीनवर जास्त हलकं चालतं. 18.04 ला चिकटून बसलेला माणूस वेग वाचवत नाही, हळू आवृत्ती धरून बसलाय.

पण दाजींचं काउंटरवरचं मशीन अपग्रेडनंतर खरंच हळू झालं होतं, ते मग कशानं? हे मी त्यांच्यासमोरच बघितलं. टर्मिनलमध्ये टॉप कमांड दिली. वरच्या ओळीत 'डब्ल्यूए' नावाचा एक आकडा असतो, प्रोसेसर डिस्कची वाट बघत किती वेळ रिकामा बसलाय ते तो सांगतो. तो सारखा 80 च्या पुढे जात होता. प्रोसेसर रिकामा, रॅमही अर्धी रिकामी, आणि फायरफॉक्स उघडायला चहा पिऊन यावं एवढा वेळ. मग स्मार्टसीटीएल कमांडनं डिस्कची तब्येत काढली. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोरचा आकडा शून्य असायला हवा, तो शून्य नव्हता. म्हणजे डिस्कला आपलेच काही भाग धड वाचता येत नव्हते आणि ती तिथंच पुन्हा पुन्हा डोकं आपटत होती. त्यानंतर तेच नवीन उबुंटू पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता सुरू केलं. महाडीबीटीचं पान नीट उघडलं. आवृत्ती तीच, प्रोसेसर तोच, रॅम तीच. फक्त डिस्क बाजूला काढली.

अपग्रेडमध्ये हजारो फाइली उतरतात, सुटतात, लिहिल्या जातात. वर्षानुवर्षं ज्या भागाला हात लागला नव्हता तो भाग वापरात येतो, भरत आलेली डिस्क आणखी भरते. मरायला टेकलेली डिस्क त्या दिवशी उघडी पडते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि नाव कावळ्याचं.

दुसरं कारण आपल्याकडचं ऊन. मशीनची डागडुजी सुट्टीत, मे महिन्यात होते, भाचा पुण्याहून आला की. तेव्हा परभणीत पारा 42-43 च्या घरात, वर पत्रे, पंख्यात कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ. प्रोसेसर तापत तापत 100 अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग खाली आणतो. हे आवृत्ती ठरवत नाही. सेन्सर्स कमांडनं तापमान बघा, मागचं झाकण उघडून ब्रशनं धूळ काढा. लॅपटॉप असेल तर 22.04 पासून सेटिंगमध्ये वीज वाचवण्याचा मोड आहे, तो चुकून चालू राहिलाय का तेही बघा.

जिथं मेसेजचं खरं आहे तिथं खरं म्हणतो. जुनं एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल, जीफोर्स 8, 9 किंवा 200 मालिकेतलं, तर अपग्रेड करताना जपा. त्या कार्डांच्या 340 ड्रायव्हरचा आधार 2019 अखेर संपला आणि नवीन कर्नलवर तो बसत नाही. मग एक तर नूवो या मोकळ्या ड्रायव्हरवर भागवावं लागतं, नाहीतर चित्र काढायचं काम प्रोसेसरवर पडतं. सेटिंगमध्ये ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलेलं दिसलं तर हेच झालंय. तेव्हा मशीन खरोखर बसतं, खिडकी सरकवली तरी अडखळते. पण बरीचशी मशीन इंटेलच्या आतल्याच ग्राफिक्सवर चालतात, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप या नव्या पद्धतीच्या पॅकेजमधून येतो, तो पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो, हेही खरं. कॅनॉनिकलनं त्यावर काम केलं, पण फिरत्या डिस्कवर अजून जाणवतं. मोझिला जानेवारी 2024 पासून स्वतःचं डेब, म्हणजे जुन्या पद्धतीचं, पॅकेज देते, ते टाका. उबुंटूचाच हलका प्रकार असलेल्या लुबुंटूनंही 2018 मध्ये सांगितलं की जुनं हार्डवेअर हा आता आपला मुख्य रोख नाही. आणि 32 बिटचं मशीन असेल तर उबुंटूचा डेस्कटॉप 17.10 पासून त्यासाठी निघतच नाही. तिथं अपग्रेडचा हट्ट धरू नका.

अपग्रेडनंतर पहिला दिवस-दोन दिवस मशीन थोडं जड चालतं, कारण मागे फाइलींची सूची नव्यानं बनत असते. तेवढ्यात घाबरून कुणाचाही मेसेज वाचू नका.

दुकान चालवणाऱ्यांनी आता एवढं करावं. बंद केलेले अपडेट आजच सुरू करा. 18.04 असेल तर गिऱ्हाइकांच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा, मग आधी 20.04 आणि त्यानंतर 22.04 असं एकेक पायरीनं जा, कारण मधली पायरी गाळता येत नाही. फिरती डिस्क असेल तर पुढचा खर्च रॅमवर नको, एसएसडीवर करा. आणि 2 जीबी रॅमवर गनोम चालवायचा अट्टाहास सोडून लिनक्स मिंटचं एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती, टाका, त्याला किमान 2 जीबी पुरते.