इंग्रजीची खरी जवळची नातलग उत्तर जर्मनीत आहे

आपल्याकडून जर्मनीत येणाऱ्या मुलांना क्लासमध्ये हमखास सांगतात की जर्मन इंग्रजीच्या जवळची, त्यामुळे पटकन येते. मग मूल म्युनिकला उतरतं. पुस्तकातला 'ब्रोट्शन' म्हणजे छोटा पाव बेकरीत 'सेमेल' झालेला असतो, नमस्काराच्या 'गुटन टाग'च्या जागी 'ग्रूस गॉट' ऐकू येतं, आणि आठवड्याभरात शेरा येतो, "इथले लोक शुद्ध बोलत नाहीत." हा शेरा मला फार खटकतो.

जर्मनी एक देश झाला १८७१ मध्ये. त्याआधीची शतकानुशतकं राज्यं वेगळी, राजे वेगळे, बोली वेगळ्या. शालेय शिक्षण आजही राज्यांच्या हातात आहे. १९४९ मध्ये तर बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याच्या, विधानसभेने पश्चिम जर्मनीच्या नव्या राज्यघटनेच्या विरोधात मत दिलं होतं. दोन तृतीयांश राज्यांनी स्वीकारली तर आम्हालाही लागू, एवढं मात्र मान्य केलं. आणि त्याच बव्हेरियातल्या न्यूर्नबर्गच्या माणसाला बव्हेरियन म्हणून बघा! तो फ्रँकोनियाचा, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तर भागातला, आणि ते तो तुम्हाला लगेच सांगेल.

इंग्रजीशी नातं बघायचं तर उत्तरेत यावं लागतं, प्लाटड्यूच ऊर्फ प्लाट या तिथल्या जुन्या भाषेपाशी. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी दक्षिणेत प, ट, क हे उच्चार बदलू लागले. ती लाट उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणून इंग्रजीत 'वॉटर', प्लाटमध्ये 'वाटर', प्रमाण जर्मनमध्ये मात्र 'वासर'. तसंच 'मेक', 'माकेन' आणि 'माखेन'. ज्यांच्या बोलींतून इंग्रजी घडली, ते ब्रिटनमध्ये जाऊन वसलेले अँगल आणि सॅक्सन टोळ्यांचे लोक याच पट्ट्यातले. फ्लेन्सबुर्गजवळच्या एका भागाला आजही आंगेल्न म्हणतात.

प्लाट ही काही अडाण्यांची बोली नव्हती. हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या काळात ल्युबेकचे व्यापारी करारमदार याच भाषेत करत. पुढे हान्साचा जोर ओसरला, १५३४ मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरचं पूर्ण जर्मन बायबल आलं, आणि चर्च, कचेरी, शाळा सगळीकडे दक्षिणेकडच्या वळणाची लेखी भाषा बसली. उत्तरेतल्या लोकांनी ती परक्या भाषेसारखी पुस्तकातून शिकली. हानोफरच्या ज्या 'शुद्ध' जर्मनचं आपण कौतुक करतो, त्यामागे हे शिकणं आहे.

ओल्डेनबुर्गच्या बाजारात एक भाजीवाल्या आजी समोरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी प्लाटमध्ये भरभरून बोलत होत्या. बटाट्याच्या भावावरून गाडी नातवंडांवर गेली. शेजारी उभ्या नातवाकडे वळल्या आणि क्षणात प्रमाण जर्मन! त्याला प्लाट समजतं, पण येत नाही म्हणाल्या. अनेक घरांत मुलांचं शाळेत अडू नये म्हणून आईवडिलांनीच प्लाट बंद केलं. आपल्याकडे मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या घरांतही हेच चाललंय, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

जर्मन अवघड असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की इंग्रजीने नामांची लिंगं आणि बहुतेक विभक्तिप्रत्यय टाकून दिले, जर्मनने ठेवले. तीन लिंगं आपल्यालाही जन्मापासून सवयीची आहेत. कुठलं नाम कोणत्या लिंगाचं हे पाठ करावं लागतं, पण तीन लिंगांची कल्पना नवी नाही. इंग्रजीच्या चष्म्यातून जर्मन शिकवणं थांबवा. आणि मूल श्टुटगार्टला जाणार असेल तर क्लासमध्ये त्याला थोडं श्वेबिश ऐकवा, ब्रेमेनला जाणार असेल तर प्लाट. बोलता नाही आलं तरी चालेल, कानावर पडलेलं असावं.