ताट वेगळं, खिडकी बंद

सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: ‘टीबीला घाबरू नका. लहानपणी बीसीजी घेतली असेल तर टीबी होत नाही. घरात कुणाला झालाच तर ताट-पेला वेगळा ठेवा. खोकला थांबला की गोळ्या बंद करा, लिव्हर जपा.’ घाबरू नका, एवढं खरं. बाकीचं घातक आहे.

आधी बीसीजी. ही लस 1921 पासून वापरात आहे आणि बाळाला द्यायलाच हवी, कारण मेंदूच्या टीबीसारख्या जीवघेण्या प्रकारांपासून ती वाचवते. मोठेपणी होणाऱ्या फुफ्फुसाच्या टीबीला मात्र ती फारशी अडवत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर तो व्रण आहेच. तरी 2023 मध्ये जगात टीबी झालेल्या सुमारे 1 कोटी 8 लाख लोकांपैकी 26 टक्के भारतातले होते.

ताट-पेल्याचं तर मी घरातच पाहिलंय. आत्याला टीबी झाला तेव्हा तिचं ताट वेगळं, घासायचा काथ्याही वेगळा. पण वारा लागू नये म्हणून आतल्या खोलीची खिडकी कायम बंद, आणि तिच्याच कुशीत नातू झोपलेला! टीबी उष्ट्यातून नाही, खोकल्यातून उडणाऱ्या बारीक थेंबांतून हवेवाटे पसरतो. खिडकी उघडा, रुग्णाला मास्क द्या, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. ताट राहू द्या एकत्र.

सगळ्यात वाईट सल्ला गोळ्यांचा. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. पहिल्या काही आठवड्यांतच बहुतेक जंतू मरतात, म्हणून खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. उरलेले चिवट जंतू मारायलाच पुढचे महिने असतात. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, आणि तेव्हा तीच औषधं चालतीलच असं नाही. अर्थात कोर्स दरवेळी रुग्णच तोडतो असंही नाही. 2024 मध्ये सरकारी केंद्रांवरच गोळ्यांचा तुटवडा होता.

लिव्हरला त्रास होऊ शकतो, हे खरं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषध थांबवायचं की बदलायचं ते तेच ठरवतील. लघवी केशरी होणं मात्र रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग. आत्या पहिल्या दिवशी ‘रक्त पडतंय’ म्हणून रडली होती. केंद्रावरच्या सिस्टर म्हणाल्या, ‘मावशी, गोळी पोटात गेल्याची पावती आहे ती.’