प्रामाणिक राहा आणि काणकोणला जा

ऑफिसात परफॉर्मन्स सुधारायचाय ना, मग आधी तो प्रामाणिकपणा जरा आवरा. सोडा असं म्हणत नाही हां, घरी ठेवा, चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची चौकट) बांधायच्या वेळी बाहेर काढा, पाहुण्यांना दाखवा आणि परत माळ्यावर.

माझं ऐका, पणजीत एका ऑफिसात (नाव कशाला हवं) बारा वर्षं काढलीत. ज्याच्याकडे पाकीट चालतं त्याच्याकडे लोक आपल्या पायांनी फाईल घेऊन जातात, कागद तोच लावून देतो, दोन दिवसांत काम फत्ते. तुमच्याकडे काय येतं? भाट म्हणजे बागायत आजोबांच्या नावावर, फॉर्म वन अँड फोर्टीनवर, म्हणजे आमच्या गोव्याच्या सातबाऱ्यावर, तिसराच कोणीतरी, वारस सात, त्यातले दोन लिस्बनला आणि दोन एकमेकांशी बोलत नाहीत. ही फाईल कोणी हातात धरत नाही म्हणून साहेब अगदी प्रेमाने म्हणतात, "तूच बघ रे, तुझ्यावर विश्वास आहे." झालं, मार्चमध्ये पेंडिंगच्या यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आणि शेजारच्याचं टेबल लख्ख, त्याला शाबासकी, तुम्हाला मेमो.

आता कोणी म्हणेल प्रामाणिकपणाची नोंद होतेच की कुठेतरी. होते ना! केंद्र सरकारचा एपीएआर, म्हणजे वर्षाच्या कामगिरीच्या मूल्यमापनाचा फॉर्म काढून बघा, अधिकाऱ्याच्या कामाला 40 टक्के, वैयक्तिक गुणांना 30, कार्यक्षमतेला 30, झाले शंभर. सचोटीचा कॉलम वेगळा आहे, मानाचा आहे, फक्त त्याला मार्क नाहीत. म्हणजे लग्नातल्या आत्याबाईसारखं, पाटावर बसवायचं पण विचारायचं काही नाही. बरं, तो कॉलम साहेब भरायचा विसरले तर आणखी मजा, कारण संशय असेल तर तो कोरा ठेवायचा आणि वेगळी गुप्त नोट लिहायची असा रिवाज, त्यामुळे कोरा दिसला की वरचे तुमच्याकडेच डोळे बारीक करून बघणार.

टीए बिलाचं, म्हणजे प्रवासभत्त्याचं तर बोलूच नका. सगळे टॅक्सीचं लावतात तिथे तुम्ही कदंबाची, म्हणजे सरकारी बसची तिकिटं चिकटवून दिलीत की अकाउंट्सवाला बाकीच्यांची बिलं पण उघडून बघायला लागतो, मग दुपारी डबा खायला तुमच्या टेबलाला कोण बसणार? फिशकरी एकट्यानेच खायची. तक्रार करू म्हणत असाल तर व्हिसलब्लोअर, म्हणजे भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 साली पास झालेला आहे, लागू व्हायचा तेवढा राहिलाय, घाई कसली, सुशेगाद!

मला काय मिळालं विचाराल तर काणकोणची बदली. सत्तरेक किलोमीटर, मडगावला बस बदलायची. निरोपाला शाल-नारळ दिला, "असा प्रामाणिक माणूस होणे नाही" म्हणून भाषण झालं, शालीची वर्गणी पाकीटवाल्यानेच गोळा केली होती आणि मी हिशोब मागितला नाही, बघा, सुधारतोय मी. काणकोणात पहिल्या दिवशी नव्या साहेबांनी चहा मागवला, बसवून घेतलं, म्हणाले, पणजीहून तुमच्याबद्दल फार चांगलं ऐकलंय. मग कपाटातून एक जाडजूड फाईल काढली. वारस अकरा.